पाठमोरी

"आजून चालूच हाय, भाऊ," असं म्हणून तो रिकाम्या मांडवावर कॅमेरा रोखून उभा राहायचा. वऱ्हाड गेलेलं असायचं आणि हा खुर्च्या उचलणारी माणसं टिपत बसायचा.

सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगला तो माझ्याकडे असे. तुम्हीही एखाद्या लग्नात असा माणूस पाहिला असेल, नवरानवरी सोडून भलतीकडेच बघणारा. एकदा नवरीचे वडील तक्रार घेऊन आले, "समद्या लग्नात माझ्या चपलाच दिसायल्यात, ते कसं काय?" मी याला रागावलो, तर म्हणाला, "नीट बघा, भाऊ. त्या चपला रडायल्यात."

अशा माणसाने स्वतःची फिल्म केली. जागा बोरीतलं त्याचं घर आणि शेत. त्यात गोष्ट नाही, गाणं नाही, बोलणं नाही. नुसती त्याच्या मायची पाठ. चुलीपुढची, नळावरची, कापूस वेचतानाची.

"चेहरा कुठाय?" मी विचारलं.

"मला माय अशीच आठवती. कवाबी बघा, तोंड कामाकडं."

गावातल्या विहारात चादर बांधून त्याने ती दाखवली. थोड्या वेळात माणसं उठू लागली. कोणीतरी ओरडलं, "आरं, वळव की मायला!" हशा पिकला. माय पुढेच बसली होती. ती शेवटपर्यंत हलली नाही. मग हळूच म्हणाली, "इतकी वाकले व्हय रे मी?"

तो चादरीच्या गाठी सोडायला लागला.

फिल्म त्याने ठिकठिकाणच्या महोत्सवांना पाठवली. कोणीच घेतली नाही. तरी तो म्हणायचा, "दुसरी करतो. मायलाच घेऊन."

त्याच हंगामात माय वेचणी करता करता कोसळली. परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात आधार कार्डाशिवाय तिचा एकही नव्हता. "फिल्ममधून काढू," तो म्हणाला. आम्ही सगळं चित्रण उघडलं. तिची मान जरा वळते आणि चित्र तुटतं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच.

"वळायली की मी बंद करायचो," तो म्हणाला.

शेवटी कार्डावरचाच फोटो मोठा केला. चेहरा पार फिसकटला. लांबून आलेली तिची बहीण त्या फोटोपुढे उभी राहून विचारत होती, "ही कोन?"

पुढच्या आठवड्यात तो परत आला. "पुसून टाका सगळं."

"असू दे रे. तुझी मायच आहे ती."

"न्हाई, भाऊ. तिला मी बघितलंच न्हाई."

मी उठलो नाही, तेव्हा त्यानेच बसून सगळं पुसलं. माझ्याकडची प्रतसुद्धा. मग स्टँडवर गेला. पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत आहे म्हणतात. फोन लागत नाही.

कॅमेऱ्याची बॅग तो माझ्या स्टुलावर विसरून गेला. गिऱ्हाईक आलं की मी ती खाली ठेवतो, गेलं की पुन्हा वर.