एकदा दाबायचं की दोनदा

गेल्या रविवारी राहात्याला आईकडे गेले होते. जाताना तिच्यासाठी टचस्क्रीनचा मोबाईल नेला होता. बटणांचा जुना फोन सोडायला बाई वर्षानुवर्षं तयार नव्हती... मोबाईल हातात घेऊन तिनं पहिला प्रश्न विचारला, "ह्येला दोनदा दाबाया लागतं का गं?"

माझा मुलगा खो खो हसला. मला मात्र गलबलून आलं, कारण हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात साळवे सर दर रविवारी कॉम्प्युटर शिकवायला यायचे. नगरच्या एमआयडीसीत नोकरी करायचे. तिथल्या एका कंपनीनं काढून टाकलेली तीन मशीन्स त्यांनी मागून आणली होती... विंडोज विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून एका मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडीवरून लिनक्स ही बिनपैशाची सिस्टीम टाकली होती.

त्यात पडद्याच्या मांडणीचे दोन प्रकार होते, त्यांना डेस्कटॉप म्हणायचे. एकात चित्रावर एकदा क्लिक केलं की फाईल उघडायची, दुसऱ्यात दोनदा करावं लागायचं. आम्हा पोरांना दुसरा हवा होता, दिसायला झकास म्हणून. सरांनी काय केलं, तर वस्तीतल्या बायकांनाही बोलावून दोन्हींवर बसवलं आणि त्यांचे हात बघत उभे राहिले.

त्यात माझी आई होती. खुरपं धरून धरून तिची बोटं ताठली होती. लागोपाठ दोनदा दाबायला गेली की मधेच माऊस हलायचा... सरांनी तिथल्या तिथे एकदावाला डेस्कटॉप कायम केला. म्हणाले, "नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हरवायचं नाही."

मग आई दर रविवारी यायला लागली. चित्रांच्या प्रोग्राममध्ये तिनं पिंपळाचं पान काढलं होतं, देठ जरा वाकडाच. आल्या आल्या त्या पानावर एकदा दाबायची, ते उघडलं की आजूबाजूला बघून घ्यायची... मी तिला इतकं खूश फार कमी वेळा पाहिलंय.

मशीन्स म्हणजे गोगलगाई. त्यामुळे आम्हाला एकच शिस्त होती, एकदा दाबायचं आणि गुमान थांबायचं.

त्याच शिस्तीत मी कोपरगावच्या एका ऑफिसात ऑपरेटरच्या जागेसाठी परीक्षा द्यायला गेले. समोर विंडोज, म्हणजे दोनदावालं, पण ते मला कुठं ठाऊक होतं. मी फाईलवर एकदा क्लिक केलं आणि हात मांडीवर ठेवून थांबले... थांबलेच. साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो ना?" मी हो म्हटलं, परत एकदा क्लिक केलं आणि परत थांबले. टायपिंग मला सफाईदार यायचं हो, पण तिथपर्यंत गाडी गेलीच नाही.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. पुढच्या रविवारी सरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. ते काही बोलायच्या आत आई पुढं झाली. "सर, त्ये दोनदावालं लावा. पोरींना नोकऱ्या लागाया पायजेत."

"आणि तुमचं काय, ताई?"

"आमचं काय व्हायचंय आता..."

 सरांनी तिन्ही मशीन्सवरचा डेस्कटॉप बदलला. आई त्यानंतरही काही रविवार आली. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये तिचं बोट घसरायचं आणि ते पान उघडायच्या ऐवजी भलतीकडेच सरकायचं. मग ती बाहेर ओट्यावर बसायला लागली, आमच्या चपला सांभाळत. पुढं तिथंही येईना.

मला पुढच्या परीक्षेत नोकरी लागली. वस्तीत पेढे वाटले, सगळ्यांत जास्त आईनंच.

नोकरीत रुळल्यावर कळलं की लिनक्समध्ये प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देता येतं. ज्याचा त्याचा डेस्कटॉप, ज्याची त्याची सवय... आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच लॉगिन होतं. आईसाठी वेगळं करायला किती वेळ लागला असता? पण ती इतक्या पटकन बाजूला झाली, की कुणाला तसं सुचायला उसंतच मिळाली नाही. सरांना नाही, मला तर नाहीच. याची रुखरुख आजही जात नाही.

तर रविवारी मी तिचं बोट धरून मोबाईलवर टेकवलं. एकदाच. नातवाचा फोटो भसकन उघडला.

तिनं तो बंद करायला लावला. मग स्वतःच्या बोटानं पुन्हा उघडला... एकदाच दाबून. आणि म्हणाली, "म्हंजी सरांनी पयलं ठिवलेलंच बराबर हुतं की गं!"

होतं, आई. अगदी बरोबर होतं... पण हे ऐकायला आता सर नाहीत.