वहिनींचे ठरलेले रस्ते

वहिनी दिराच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. शिकाऊ माणसानं गाडी थेट भिंतीवर नेली, तरी आवाज न चढवता त्या आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या. पण आतड्याचा तुकडा काढायचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा स्वतःच्या पोटावरचाच विश्वास उडाला. जखम भरली, रिपोर्ट चांगले आले, घरच्यांच्या लेखी आजार संपला. पोटाला मात्र ते मान्य नव्हतं. चार घास खाल्ले की कधी कळ येईल आणि कधी धावावं लागेल, याचा नेम नसे.

मग त्या ताटाकडे संशयानं बघू लागल्या. जाऊ वाढायला आली की विचारायच्या, तेल किती घातलंय? जाऊ म्हणायची, नेहमीचंच. ते ‘नेहमीचंच’ ऐकलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. शेवटी कामावर त्या उपाशीच जाऊ लागल्या आणि शिकवायचे रस्तेही ठरवून टाकले: वाचनालयाचा, पेट्रोल पंपाचा आणि मोठ्या दवाखान्याचा. तिन्हीकडे संडास होता आणि कुणी हटकत नसे.

हे कारण नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दिराला दिसायचं ते एवढंच, की जेव्हा बघावं तेव्हा गाडी पंपामागे उभी, आत शिकाऊ एकटा आणि वहिनी गायब. कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं. त्यानं शिकाऊंना आडून आडून विचारलं. एकानं सांगितलं, बाई पंपावरच्या माणसाशी काहीतरी बोलून मागे जातात. झालं. गाडीतलं पेट्रोल विकतात की काय, इथवर त्याची मजल गेली. तो येता-जाता टाकीचा काटा बघू लागला. ते वहिनींच्याही लक्षात आलं. त्यांना वाटलं, याला आपल्या दुखण्याचा सुगावा लागलाय, आता कामावरून काढायला निमित्त शोधतोय.

एका सकाळी तो आपणहून मागच्या सीटवर येऊन बसला. “आज हायवेला घ्या, वहिनी.”

त्यांनी पंपाचा रस्ता सुचवला.

“तिथं एवढं काय ठेवलंय?” तो म्हणाला.

त्यांनी शिकाऊला गाडी हायवेकडे वळवायला सांगितली. गाडी हायवेला लागली. वस्ती मागे पडली तसं त्यांच्या पोटात कळ येऊ लागली. एक टायरचं दुकान दिसताच त्यांनी ब्रेक दाबला आणि दार उघडं टाकून धावल्या. आज रंगेहाथ पकडायचं, म्हणून दीर मागोमाग. दुकानामागच्या पत्र्याच्या दारावर त्यानं थाप मारली. आतून आधी नुसतं कण्हणं आलं. मग त्यांचा नेहमीचा शांत आवाज.

“भाऊजी, मी संडासात आहे. आतडं कापल्यापासून हे असंच चाललंय. अजून काही बघायचंय?”

तो गाडीकडे परत फिरला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, “सांगायचं होतं ना.”

“बरी झाले, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत सुटलात. मला कुणी विचारलं?”

जावेनं हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. पित्त शोषणारा आतड्याचा भागच गेलाय, म्हणून ते पित्त खाली उतरून उरलेल्या आतड्याला डिवचतं, असं डॉक्टर म्हणाले आणि पित्त धरून ठेवणारी, पाण्यातून घ्यायची पूड दिली. वहिनींनी ती हुंगून पाहिली, पुडीवरचं सगळं वाचलं, पहिले काही दिवस अर्धीच घेतली. पुढे पुरी घेऊ लागल्या. धावपळ कमी झाली, थांबली नाही.

आता त्या थोडं खाऊन निघतात. कसं वाटतंय, असं जाऊ विचारते.

“अजून तरी गप्प आहे,” त्या म्हणतात, आणि पोटावर हात ठेवून जरा वेळ कानोसा घेत बसतात.