टोपीतली अंगठी

पारनेरला आमच्या घरासमोर राळेगणच्या एसटीची वाट बघत माणसं उभी असतात. हा माणूस त्यांतलाच एक, डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी.

माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावून मी मोबाईलवर बिघाडाचा कोड वाचला: धुराच्या पाइपावरचा सेन्सर. पाना घेऊन तो काढायला वाकलो, तेवढ्यात हा फाटकातून आत आला.

“मोबाईल काय म्हनतो?”

मी सांगितलं. त्यानं बोटातली अंगठी काढली, टोपीत ठेवली आणि टोपी पायरीवर. बॅटरीजवळ हात घालताना अंगठी नको, म्हणाला. मग डोळे मिटून सेन्सरची वायर बोटांनी चाचपत मागं मागं गेला आणि एका जागी थांबला. उंदरानं तिथं वायर कुरतडली होती.

“जो वरडून सांगतोय, त्यालाच काढाया निघालात व्हय?”

त्यानं वायर जोडून टेप गुंडाळली. मी कोड पुसून गाडी सुरू केली. दिवा गेला! खाली उतरलो, तर तो बोडक्या डोक्यानं एसटीत चढत होता. मी ओरडलो, पण एसटी थांबली नाही.

आता राळेगणची एसटी आली की मीच फाटकाशी उभा असतो, टोपी घेऊन.