इन्स्पेक्टरचा खुबा

ओलेगारिओ पिसार्रो यांचा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा होता. वाल्पाराइसोच्या पेर्दिसेस टेकडीवर माणसांची ने-आण करणारा एक लाकडी डबा होता. तारेच्या दोराने तो रुळांवरून वर ओढला जायचा आणि सगळे त्याला नुसतं लिफ्ट म्हणायचे. तिचं यंत्र ओलेगारिओंनी एकोणचाळीस वर्षं चालवलं. यंत्रघराला एक खिडकी होती, पण ती भिंतीसमोर उघडायची. त्यामुळे कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठलं चाक लंगडतंय, हे ते बसल्या जागी ऐकून सांगत. नऊ वर्षांपूर्वी लिफ्ट सहा महिन्यांसाठी दुरुस्तीला म्हणून बंद झाली. ओलेगारिओ निवृत्त झाले. वरच्या स्टेशनाला लागून असलेली खोली मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण चावी कुणाला परत करायची हे कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून टेकडीला पायऱ्या उरल्या. एकूण एकशे सत्त्याऐंशी.

कुत्रा आला तो लिफ्ट चालू असतानाच्या शेवटच्या वर्षी. काळा, झिपरा, एक कान उभा आणि दुसरा त्याच्या मर्जीने. तो प्रवेशदारातल्या फिरत्या दांड्यापाशी बसून आत येणाऱ्या प्रत्येकाला हुंगायचा आणि मगच सोडायचा, म्हणून ओलेगारिओंनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. लिफ्ट बंद पडल्यावर इन्स्पेक्टर निवृत्त झाला नाही. त्याने पायऱ्यांवरची घरं तपासायला घेतली. टेकडीवर बाईला मानाने डोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. एकशे विसाव्या पायरीवर राहणाऱ्या डोन्या एदुविहिस त्याला तोरिबिओ म्हणत. हे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव होतं, आणि कुत्रा त्या मानाने जास्त ऐकतो असं त्या सांगत. साठाव्या पायरीवरचा दुकानदार व्लादिमिर त्याला सेनेटर म्हणायचा, कारण तो काही न करता खायचा. बाकी घरांत आणखी आठ नावं होती. तो सगळ्या नावांना ओ द्यायचा.

रोज सकाळी ओलेगारिओ आणि इन्स्पेक्टर पायथ्याच्या बेकरीत उतरून पाव घेत आणि वर येत. ओलेगारिओ पुढे न बघता चालत. मागून किंवा पुढून पंजांचा आवाज येई, टप-टप-टप-टप, घड्याळासारखा. मे महिन्यात, तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, गारठा सुरू झाला आणि आवाज बदलला. टप-टप-धप. पुढचे दोन पंजे वेगवेगळे पडत होते, मागचे दोन एकदम. सशासारखे.

पहिल्या दिवशी त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मोजलं. तिसऱ्या दिवशी ते एकशे विसाव्या पायरीवर थांबले.

"डोन्या एदुविहिस, याच्या मागच्या आसात बिघाड आहे."

"आळशी झालाय," डोन्या एदुविहिस खिडकीतून म्हणाल्या. "माझा तोरिबिओसुद्धा साठीनंतर असाच उठायला वेळ लावायचा."

"सकाळी उठताना अवघडतो. दहा पावलं चालला की मोकळा होतो. काल कट्ट्यावर चढायच्या आधी तीनदा विचार केला त्याने."

"विचार करतो म्हणजे चांगलंच की. माझ्या नवऱ्याने एकदा तरी करायला हवा होता."

"आणि उजवा खुबा चाटून चाटून केस गेलेत तिथले."

"डॉन ओलेगारिओ, त्याचं वय झालंय. वयाला औषध नसतं."

"बेअरिंग जुनं झालं म्हणून कुणी लिफ्ट बंद करत नाही," ओलेगारिओ म्हणाले, आणि मग नऊ वर्षं बंद असलेल्या रुळांकडे बघून पुढे चालू लागले.

दुपारी ते इन्स्पेक्टरला घेऊन खाली सपाटीवर डॉक्टर यास्ना बेर्रिओस यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर यास्ना तिशीच्या होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी इन्स्पेक्टरला आधी चालवलं, मग बसवलं, उठवलं. मागच्या मांड्या दोन्ही हातांत धरून पाहिल्या. त्या पुढच्या पायांच्या मानाने हडकल्या होत्या. पाय हळूच मागे ताणला तेव्हा इन्स्पेक्टर ओरडला नाही, फक्त मान वळवून त्याने डॉक्टरांच्या हाताकडे बघितलं.

"हे त्याचं ओरडणं," डॉक्टर म्हणाल्या. "कुत्री बोंबलत नाहीत. ती नुसती कमी-कमी करत जातात."

एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा झिजला होता. मग वजन केलं. अडतीस किलो.

"हा एकोणतीसचा असायला हवा. काय खायला देता?"

"सकाळी एक पाव, रात्री एक वाडगा. एवढंच."

डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, मग ओलेगारिओंकडे. मग सांगायला लागल्या: रोज जेवणाबरोबर एक गोळी, वजन उतरवायचं, सपाट रस्त्यावर रोज थोडं थोडं चालवायचं, झोपायला गरम आणि जाड अंथरूण, आणि पायऱ्या बंद.

"मी पायऱ्यांवर राहतो," ओलेगारिओ म्हणाले.

"मग वर ठेवा, खाली आणू नका. दहा आठवडे. तोवर चार किलो उतरलं आणि नंतर पायऱ्या नीट चढला तर बघू. नाही तर किल्पुएला माझ्या बहिणीचं अंगण आहे. सपाट. कुत्रा तिथे सुखात राहील."

ओलेगारिओंनी आयुष्यात किल्पुएचं वाईट कधी चिंतलं नव्हतं. परतताना मात्र ते गाव त्यांच्या मनातून उतरलं. इन्स्पेक्टर तिथे सुखात राहील, हेच त्यांना सहन होईना. त्यांनी एका ओळखीच्या हमालाची हातगाडी मागून घेतली, मागच्या वळणाच्या रस्त्याने इन्स्पेक्टरला वर आणलं आणि पायऱ्यांवर तीन ठिकाणी पुठ्ठ्याची पाटी लावली: "कुत्र्याला खायला देऊ नये. आजारी आहे."

टेकडीने पाटी वाचली. प्रत्येक घराला वाईट वाटलं. आणि प्रत्येक घराच्या मनात आलं, की पाटी बाकीच्या घरांसाठी आहे.

कारण ओंसे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पेर्दिसेस टेकडीवर प्रत्येक घरी चहा, पाव, एखादा चीजचा तुकडा, कुस्करलेला अव्होकाडो असं मांडलं जातं, आणि त्या वेळी दारात जो उभा राहील त्याला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. कर वसूल करायला आलेल्या माणसालाही पाठवत नाहीत. मग पायऱ्या बंद झालेला एक आजारी कुत्रा वरच्या गल्लीतून केविलवाणा बघतोय म्हटल्यावर लोक स्वतः चढून त्याच्यापर्यंत गेले. इन्स्पेक्टरची तपासणी आता बसल्या जागी व्हायला लागली.

चार आठवड्यांनी ओलेगारिओंनी स्टेशनातल्या जुन्या पार्सलच्या काट्यावर त्याला उभं केलं. एकोणचाळीस किलो. त्यांनी काटा तपासला. काट्याचं काही चुकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टरने खाणं सोडलं. दोनदा ओकला, आणि शी डांबरासारखी काळी झाली. ओलेगारिओंनी फोन केला. "गोळी थांबवा, आत्ता लगेच," डॉक्टर यास्ना म्हणाल्या आणि एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या चढून वर आल्या. वर पोचल्यावर धाप लागून दोन मिनिटं त्यांना बोलता आलं नाही, ती टेकडीला त्यांच्याकडून मिळालेली शेवटची सवलत होती. इन्स्पेक्टरला तपासून, सुई टोचून त्या म्हणाल्या, "पोटात जखम आहे. माझ्या एका गोळीने एवढं होत नाही. सगळ्यांना बोलवा."

स्टेशनच्या प्रतीक्षागृहात नऊ वर्षांनी गर्दी झाली. सवयीने लोक रांगेत बसले.

"याला औषध कोण-कोण देतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

 शेवटी व्लादिमिर उभा राहिला.

"मी फक्त अर्धी. आईची पाठदुखीची. सॉसेजात घालून. सेनेटर इतका कळवळून बघायचा, डॉक्टर."

"आणि सॉसेज?"

"सॉसेज पूर्ण."

डोन्या एदुविहिस पर्स घट्ट धरून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याच्या गोळ्या उरल्या होत्या. टाकून द्यायला जीव होईना. म्हटलं, तोरिबिओच्या तोरिबिओलाच जाऊ देत."

मग बाकीच्यांनीही हात वर केले. गोळ्यांची घरं चार निघाली, पावाची अकरा.

"अहो, पाटी लावली होती मी!" ओलेगारिओ म्हणाले.

"पाटीवर खायला देऊ नये असं होतं," व्लादिमिर म्हणाला. "गोळी म्हणजे काय जेवण आहे?"

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून सगळे ऐकायला लागले. "दुखण्याची एक गोळी चालू असताना वरून दुसरी दिली, की पोट फाटतं, मूत्रपिंडं जातात. माणसाची गोळी कुत्र्याला द्यायचीच नाही. आणि मांजरीला तर तापाची साधी एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. अर्धीही."

डोन्या एदुविहिस यांचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं, शेजारीणबाई?" ओलेगारिओंनी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. मग खिशातून कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी काढून बाकावर ठेवली. "रेइनासाठी होती. आज संध्याकाळी देणार होते."

रेइना त्यांची मांजर, चौदा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिने फ्रिजवर बसणं सोडलं, मग खुर्चीवर, आता चुलीशेजारच्या पोत्यावर असायची. पाठीवरचे केस गुंतून त्यांच्या जटा झाल्या होत्या. मालक गेल्यापासून ती दुःखात आहे, असं डोन्या एदुविहिस सगळ्यांना सांगत. रेइना मालकाला दोनदा चावली होती, ते त्यांनी मनातून काढून टाकलं होतं.

"लंगडत नाही हो ती," त्या म्हणाल्या.

"मांजरं लंगडत नाहीत. उड्या मारणं सोडतात. पाठीपर्यंत मान वळत नाही, म्हणून केस गुंततात. उचललं की फिसकारते?"

"मला वाटलं, गर्विष्ठ झालीय."

"उद्या आणा. टोपलीत, झाकून. आणि तिची शीची पेटी उथळ करा, कडा चढताना दुखतं तिला."

डोन्या एदुविहिस यांनी मान हलवली. अर्धी गोळी बाकावर तशीच राहिली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळे बघत होते.

राहिला ओंसेचा प्रश्न. डॉक्टर यास्ना स्वतः टेकड्यांवरच्याच होत्या. दारातल्याला परत पाठवा, असं या लोकांना सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नियम मोडला नाही, खाणं बदललं. प्रत्येक घराने रोज एक उकडलेली फरसबीची शेंग द्यावी. एकच. बिनमिठाची. गोळी आणि जेवण एकाच घरातून, डॉन ओलेगारिओंच्या, आणि तेही पोट बरं झाल्यावर. ज्याला आणखी प्रेम करायचं असेल त्याने स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर अंथरायला जाड पायपोस द्यावं. दुसऱ्या दिवशी चौदा पायपोसं आली. त्यांतल्या तीनांवर "सुस्वागतम" लिहिलेलं होतं.

पोट सावरायला पंधरा दिवस लागले. दहा आठवडे तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजले गेले. ओलेगारिओ रोज सकाळी एकटेच पाव आणायला उतरत. इन्स्पेक्टर वर, शेवटच्या पायरीशी, दोरीला बांधलेला बसून त्यांची वाट बघे. वरच्या सपाट गल्लीत रोज तीनदा पाव-पाव तास फेरी. दर शनिवारी पार्सलच्या काट्यावर वजन, आणि ते खडूने वेळापत्रकाच्या फळ्यावर. सदतीस. साडेछत्तीस. एका शनिवारी पुन्हा सदतीस, त्या आठवड्यात व्लादिमिरला बोलावून घेण्यात आलं. त्याने शेंगेला लोणी लावलं होतं. पस्तीस. रेइनाच्या जटा कापल्या गेल्या, तिला तिचं स्वतःचं औषध मिळालं, चुलीशेजारी खोक्यांच्या दोन पायऱ्या आल्या, आणि एके दिवशी ती खुर्चीवर सापडली. खुर्ची डोन्या एदुविहिस यांची होती. त्या स्टुलावर बसायला लागल्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फळ्यावर चौतीस लागलं. ठरल्याप्रमाणे दुपारी डॉक्टर यास्ना आल्या. हातगाडीवरून इन्स्पेक्टरला मागच्या रस्त्याने पायथ्याशी नेलं. ओलेगारिओ तिथे थांबले. डॉक्टर वर स्टेशनाशी उभ्या राहिल्या, शेजारी डोन्या एदुविहिस.

"डोळे मिटा," डोन्या एदुविहिस म्हणाल्या. "ते म्हणतात, डोळ्यांनी काही कळत नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले.  व्लादिमिरने दुकानातला रेडिओ बंद केला. खाली ओलेगारिओंनी दोरी सोडली. त्यांना किल्पुएचं अंगण दिसत होतं, सपाट, सुखी, फाटकासकट.

आवाज साठाव्या पायरीच्या आसपास ऐकू यायला लागला. टप-टप-टप-टप. मध्ये एकदा थांबला, व्लादिमिरच्या दारापाशी. मग पुन्हा चार. एकशे विसाव्या पायरीवर चार. शेवटच्या वळणावर किंचित मंद, पण चार.

इन्स्पेक्टर वर आला आणि त्याने डॉक्टरांचे बूट हुंगून त्यांना सोडलं.

"राहू दे," डॉक्टर यास्ना म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदाच पायऱ्या. बाकी दिवस गल्ली. पण राहू दे इथेच."

डोन्या एदुविहिस यांनी एप्रनने डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. कांदा कुठेच नव्हता. डॉक्टरांनी मात्र अजून डोळे उघडले नव्हते.

"हे दुसरं कोण येतंय?"

पायऱ्यांवरून आवाज येत होता. धप. थांबा. धप. एकेका पायरीवर दोन्ही पाय, आणि मधे कठड्याची कुरकुर. इतकी वर्षं हा आवाज पंजांच्या आवाजाखाली झाकलेला होता. बाकी सगळ्या टेकडीची बेअरिंगं ऐकणाऱ्या माणसाने तो कधी ऐकला नव्हता.

ओलेगारिओ वर आले, कठडा सोडला आणि इन्स्पेक्टरच्या डोक्यावर हात ठेवला. "काय म्हणाली डॉक्टर?"

"राहतोय तो," डोन्या एदुविहिस म्हणाल्या. "तुमचा गुडघा कधीपासून?"

"कुठला गुडघा? पायऱ्या झिजल्यात."

"इन्स्पेक्टरसाठी नाही झिजल्या त्या?"

"सकाळी उठताना अवघडतो का?" डॉक्टर यास्नांनी विचारलं. "थोडं चाललं की मोकळा होतो?"

ओलेगारिओंनी रुळांकडे बघितलं. 

"मी माणसांची डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी सरकारी दवाखान्यात जा. आणि काटा इथेच आहे, तोवर उभे राहा त्यावर."

सोमवारी ते गेले. डोन्या एदुविहिस बरोबर गेल्या, ते मधूनच परत फिरू नयेत म्हणून. मंगळवारी सकाळी ओलेगारिओ पाव आणायला उतरले, तेव्हा तिन्ही पाट्यांवर वेगळ्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "डॉन ओलेगारिओंनाही." फळ्यावर इन्स्पेक्टरच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखलेला होता.

संध्याकाळी पाच वाजता ते नेहमीप्रमाणे एकशे विसाव्या पायरीवर ओंसेला गेले. खुर्चीवर रेइना होती, म्हणून ते उभे राहिले. इन्स्पेक्टर वरच, शेवटच्या पायरीशी होता. डोन्या एदुविहिस यांनी दोन बशा काढल्या, एक त्यांच्या हातात दिली आणि दुसरी वर नेण्यासाठी झाकून ठेवली.

दोन्हींत एकेक शेंग होती. ओलेगारिओंनी आपली चाखून बघितली. मीठ नव्हतं.