बरगडीचं प्रवचन

भर फाल्गुनात, गावाबाहेरच्या मैदानांवर लाल मिरची वाळत पडलेली असताना, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी चर्चमधली निम्मी माणसं ठसकत असताना, शिमोन मास्तर आपला काळा लोकरी कोट गळ्यापर्यंत बंद करून व्यासपीठावर उभे राहत... तो कोट परदेशातून आलेल्या पेटीत निघाला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येई, त्याखालून घामाचा, आणि या दोहोंच्या वर तरंगत असे तो मास्तरांचा आवाज — जाड, तुपकट, स्वतःवरच खूश.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. नंदुरबारच्या मिशन कंपाउंडात आम्ही राहत होतो, आणि मास्तर मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांतले मुख्य. त्यांचा आवडता विषय एकच. देवाने आदामाला गाढ झोप आणली, त्याची बरगडी काढली, तिची स्त्री घडवली. म्हणून स्त्रीने बरगडीसारखं राहावं — आत, झाकलेलं, वाकलेलं. हे सांगताना ते स्वतःच्या छातीवर अशी थाप मारत, की जणू ती बरगडी त्यांचीच गेली होती आणि सतरंजीवर बसलेल्या आम्हा बायकापोरींकडून ती परत घ्यायलाच ते उभे होते.

माझी माय शेवटच्या रांगेत बसे. माझा बाप मी तान्ही असतानाच तापाने गेला होता, आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना शुभवर्तमान सांगण्यासाठी मिशनने मायला नोकरीवर ठेवलं होतं. सकाळी दादर ज्वारीची भाकर फडक्यात बांधून ती कोरीट गावाच्या वाटेला लागे. परत येई तेव्हा तिच्या लुगड्याला धुळीचा, उन्हाचा, फुटलेल्या कापसाच्या बोंडांचा वास असे. बायांबरोबर कापूस वेचता वेचता ती अहिराणीत गोष्टी सांगे. तिचा येशू विहिरीवर एका परक्या बाईपाशी पाणी मागे, आणि मग मोठमोठ्या पंडितांशी बोलला नसेल इतका वेळ तिच्याशी बोलत बसे. ही गोष्ट मायला तोंडपाठ होती. पण चर्चमध्ये तिला एक ओळही वाचू देत नसत. तिथे वाचत ते मास्तर, ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षरागणिक अडखळत!

एका पहाटे आमच्या दारात रूपी उभी होती. ती धडगावच्या वरच्या पहाडातली, पावरा आदिवासींतली मुलगी. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव रूथ ठेवलं होतं आणि मास्तरांच्या पुतण्याशी, याकोब उपदेशकाशी, तिचं लग्न लावून दिलं होतं. तिचा ओठ फाटला होता, डावा हात लुळा लोंबत होता. मायने तिला आत घेतलं. हळद उगाळली, हात बांधला, आणि तिला माझ्या अंथरुणावर निजवलं.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली.

"स्त्री पुरुषाची साहाय्यक म्हणून निर्माण झाली," मास्तर म्हणाले. "साहाय्यक! मालकीण नव्हे. रूथने आज संध्याकाळपर्यंत घरी जावं आणि नवऱ्याची क्षमा मागावी."

माय उभी राहिली. "मास्तर, मी बोलसू."

"बाईने सभेत बोलायचं नसतं. खाली बसा."

"शास्त्रमा देवले बी मदतगार म्हनेल शे," माय उभ्यानेच म्हणाली. "दाऊद राजा रडी रडीसन त्यालेच मदत मांगस. मंग देव काय दाऊदना चाकर शे का?"

मागे कुणीतरी हसलं, आणि लगेच मिरचीचा ठसका लागल्याचं सोंग केलं. मास्तरांनी ग्रंथ उघडला, पानं पुढे उलटली, मागे उलटली... त्यांना हवं ते काही सापडेना. शेवटी ग्रंथ मिटून ते म्हणाले, "बाईंना ऊन लागलेलं दिसतं."

एवढंच उत्तर! तिथे पन्नासएक पुरुष बसले होते; रूपीचा बांधलेला हात प्रत्येकाने पाहिला होता. एकही तोंड उघडलं नाही. बायका पदर ओढून आपापल्या पायांची बोटं न्याहाळत बसल्या. पुरुषांकडून मला कधी अपेक्षाच नव्हती. त्या बायकांना मात्र मी अजून क्षमा केलेली नाही.

संध्याकाळी रूपी घरी निघाली खरी, पण आपल्या माहेरी. माय तिला आणि मला घेऊन शहाद्यापर्यंत बैलगाडीने गेली, पुढे पायी. घाटाच्या वाटेवर मोहाची फुलं टपटपत होती. त्या गोडसर, धुंद वासाने माझं डोकं जड झालं होतं. रूपीच्या आईने लेकीला पाहिलं, पावरी बोलीत एवढंच विचारलं, "मारत होता?" रूपीची मान हलली, आणि म्हातारीने चुलीवर भगर चढवली. दुसऱ्या दिवशी गावातले म्हातारे मोहाखाली बसले. त्यांनी रूपीलाच विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, परत जायचं नाही. लग्नात वराकडून घेतलेलं देज परत करायचं ठरलं, आणि म्हातारे उठून गुरांमागे गेले.

आणि या लोकांसाठी आम्ही दर रविवारी डोळे मिटून प्रार्थना करत होतो — हे प्रभू, अंधारात बसलेल्यांना प्रकाश दे!

घाट उतरताना माय म्हणाली, "देव आपला पहिलेच आठे यी बठना, बेटा." आमच्याआधीच तो तिथे येऊन बसला होता म्हणे.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मुलांच्या शब्बाथशाळेत मलाच उभं केलं. त्यांच्या हातात बक्षिसाचं एक रंगीत चित्र होतं: निळं पाणी, पांढरी मेंढरं, गुळगुळीत विलायती कागद. "सांग, स्त्री कशासाठी निर्माण झाली?" माय दाराशी उभी होती. मी नऊ वर्षांची होते, आणि मला ते चित्र हवं होतं. "पुरुषाच्या सेवेसाठी," मी म्हणाले, खणखणीत, शुद्ध मराठीत.

घरी मायने ते चित्र उजेडात धरून पाहिलं. "रंग छान शेत," म्हणाली, आणि माझ्या हातात परत दिलं. मास्तरांचा तिटकारा मी आयुष्यभर घासूनपुसून लखलखीत ठेवला. पण तो स्वस्त आहे. त्या नऊ वर्षांच्या पोरीचा तिटकारा मात्र मला महाग पडत आला आहे.

त्याच आठवड्यात मायची नोकरी गेली, कंपाउंडातली खोलीही गेली. गावात एका कौलारू खोलीत आम्ही राहू लागलो. माय मजुरीने कापूस वेची, आणि वेचता वेचता त्याच गोष्टी सांगे — आता कुणीही न पाठवता. मास्तर पुष्कळ जगले. त्यांच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत बसवला आहे.

माय गेली तेव्हा मंडळीतली चार माणसं आली, घाईत. कोरीटहून मात्र वीस-पंचवीस बाया पायी आल्या. त्यांतली एकही ख्रिस्ती नव्हती. गीतं येत नव्हती, म्हणून त्या मातीच्या ढिगाऱ्याभोवती नुसत्या बसून राहिल्या. निघताना एका म्हातारीने माझा हात धरला.

"तुन्ही माय आम्हले नाव लीसन हाक मारे," ती म्हणाली. "दुसरं कोनी मारत नही."

मी मान हलवली, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ऊन चढत होतं, त्यांना लांब जायचं होतं... त्या गेल्या. एकीचंही नाव मी विचारलं नाही.