खळ्यावरची शिवी

“शिवी द्यायला मानूस न्हाई राह्यलं, म्हनून आता गोळीच घालाय पायजे,” तात्या म्हणाले.

मी माजघरात, उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसले होते. तात्या माझे धाकटे चुलते. ते ओसरीवर बशीतून चहा पीत होते आणि आमचा जुना गडी आपली घोंगडी पसरून आईला दाखवत होता. घोंगडीचा एक कोपरा फाटून लोंबत होता.

“घोंगडी आडवी आली वैनी, न्हाईतर मनगटच गेलं असतं,” गडी म्हणाला. मग म्हणाला, “पर चूक माजी. मी खळ्यात पाय टाकला.”

“कुत्रं तुलाच चावलं आन तूच त्याची वकिली करतुयास?”

“चावलं न्हाई तात्या. धरलं.”

“सोमवारी इर्जिक हाय. समदी आळी येनार भात झोडायला. लोकांनी काय बांधावर बसून कुत्र्याचं तोंड बघायचं? मी बंदूकवाल्याला सांगावा धाडलाय.”

आत येऊन आईनं कपबशी मोरीत ठेवली, ती जरा जोरातच.

त्या कुत्र्याला नाव नव्हतं. मातकट रंगाचं, शेपटीला पांढरं टोक, आणि गळ्यात बैलाच्या जुन्या पट्ट्याला जोड्याचे खिळे मारून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केलेला काटेरी पट्टा. आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात, आणि वाघरू कुत्र्याचा गळाच पकडतं, म्हणून तो पट्टा. पावसाळाभर ते गुरांमागे डोंगरावर असायचं. भात कापून भाऱ्यांची उडवी रचली की आबा त्याला खळ्यावर नेऊन बसवायचे. तिथून पुढं मळणी होईपर्यंत खळं त्याचं. डुक्कर, मोकाट गुरं, परका माणूस, कुणाचीही आत यायची टाप नव्हती. घरचं माणूससुद्धा जात नसे. आबांनी ओढ्याकडच्या बांधावर, ऐनाच्या झाडापाशी उभं राहायचं, घसा खाकरायचा आणि एक दणदणीत शिवी घालून त्याला सांगायचं की आपली माणसं आलीत, ऊठ. मग ते आळस देऊन उठायचं आणि ऐनाखाली जाऊन पडायचं. त्यानंतर कुणीही खुशाल आत जावं.

ती शिवी म्हणजेच त्याचं नाव होतं. आबांनी दुसरं ठेवलंच नाही. आणि ती अशी होती की आई ती ऐकताना दर वेळी पदर तोंडावर घ्यायची, जणू काही वास आलाय.

त्या वर्षी उडवी रचून झाली, कुत्रं खळ्यावर बसलं, आणि त्याच आठवड्यात आबांना पुण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या गळ्यात गाठ होती. ती काढली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, पुढं फार तर कुजबुजता येईल.

हे सगळं मी माजघरात बसून जुळवत होते, आणि मला एकदम समजलं की त्या कुत्र्याला काहीही झालेलं नाही. तात्या म्हणत होते तसं ते बिघडलं नव्हतं. त्याला कामावर बसवून आबा गेले होते, आणि तीन आठवडे झाले तरी ‘ऊठ’ म्हणायला कुणी आलं नव्हतं. त्या कामासाठी आता त्याला गोळी घालणार होते.

मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते ठाऊक नव्हतं. मी मॅट्रिक होऊन सहा महिने झाले होते. आठव्या वर्षापासून पुण्यात, बोर्डिंगात राहून मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले होते. घरी आले की गावातल्या बायका मला कमी आणि माझ्या वेणीच्या रिबिनींना जास्त बोलायच्या. मी उत्तर देत नसे. मला शिष्ट म्हणत. खरं कारण वेगळं होतं, माझा आवाज. जाड, भरड, छातीतून येणारा. पहिल्याच वर्षी प्रार्थनेच्या गाण्यात सिस्टरनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू फक्त ओठ हलव. नऊ वर्षं मी ओठ हलवले. नंतर नंतर गाणं नसतानाही तेवढंच करू लागले.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन खळ्यावर गेले. आई रोज बांधावर भाकरी ठेवून यायची, ती वळली की मगच ते येऊन खायचं आणि पुन्हा उडवीपाशी जाऊन बसायचं. मी बांधावर बसले. “ये,” मी हळूच म्हटलं. “ये ना, बाळा.” त्यानं माझ्याकडे पाहुण्यांकडे बघतात तसं पाहिलं. आमच्या पाठ्यपुस्तकात शेकोटीपाशी बसणारा एक कुत्रा होता, त्याला जसं बोलावत तसं बोलावून पाहिलं. “कम, बॉय.” त्यानं जांभई दिली. मी उठून एक पाय सारवलेल्या खळ्यात ठेवला, तेव्हा मात्र पोटातून गुरगुर आली. राग नव्हता त्यात. कचेरीतला शिपाई ‘साहेब कामात आहेत’ म्हणतो ना, तशी ती होती.

“ते आसं न्हाई उटायचं,” मागून गडी म्हणाला. तो ओढ्यावर बैल पाजायला आला होता.

“काका, तात्यांनी तर ती शिवी देऊन पाहिली ना?”

“दिली की. सात येळा दिली. पर हातात ढेकूळ घिऊन दिली. त्याला कळतंय, कोन शिवी देतंय आन कोन हाक मारतंय.” त्यानं माझ्याकडे तिरकं पाहिलं. “आन आवाज बी लागतुया तसा. तुज्या बाचा आवाज ह्या डोंगराला आपटून माघारी यायचा. आता तसा आवाज हाय कुनाचा?”

त्यानं मुद्दाम म्हटलं की सहज, हे मला अजून सांगता येणार नाही. बैल पाणी पिऊन वळले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडहून एसटी धरून मी दवाखान्यात गेले. आबांच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती आणि उशाशी पाटी. मी दिसताच त्यांनी लिहिलं, ‘भात झोडलं?’

“सोमवारी,” मी म्हटलं.

‘कुत्रं?’

“बसलंय खळ्यावर.”

ते हसले. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं, खांदे हलले फक्त. बंदुकीचं मी सांगितलं नाही. त्यांनी उठून एसटी धरली असती. थोड्या वेळानं मी विचारलं, “आबा, ते दुसऱ्या कुणाचं ऐकेल का?”

त्यांनी बोट उचलून माझ्या गळ्याकडे दाखवलं. मी मान खाली घातली. पाटी खरखरली. वर पाहिलं तर त्यांनी शिवी लिहिली होती, सबंध, काना-मात्रा-वेलांटीसह. तेवढ्यात नर्स आली. आबांनी तळव्यानं घाईघाईनं पाटी पुसली, आणि ती गेल्यावर एकच शब्द लिहिला, ‘मोठ्यांदा.’

परतीच्या बसमध्ये पिरंगुटपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होते. ते मला चांगलं येत होतं.

शनिवारी मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले, सगळ्या बायका उठून गेल्यावर. वाक्य दोन तुकड्यांचं होतं. दुसरा तुकडा, आपली माणसं आहेत तो, मी आधी घेतला. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग कुजबूज. मग एकदा बऱ्यापैकी आवाज निघाला, आणि डोहात बसलेल्या म्हशीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण पहिला तुकडा काही केल्या निघेना. नऊ वर्षांच्या सगळ्या सिस्टर्स ओढ्याच्या पलीकडे ओळीनं उभ्या आहेत असं वाटायचं.

“काय बडबडतीस ग? परीक्षा तर झाली तुजी.” आई कधी आली कळलंच नाही.

मी खोटं बोलू शकले असते. पण पिळा हातात धरून मी सांगितलं, “आबांची हाक शिकतेय.”

आई दगडावर बसली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “लगीन हून आल्यापास्नं सांगतीया ह्यांस्नी, जनावराला चांगलं नाव ठिवा. घरात पोरंबाळं हायेत. ऐकत्यात व्हय?” मग म्हणाली, “तात्या म्हंतील, हिला आता स्थळं बघायची. समद्या आळीदेखत पोरीनं आसलं वंगाळ बोललं, तर उद्या बोलत्यात लोक.”

“मग नको बोलू?”

तिनं माझ्या हातातला पिळा घेतला आणि दगडावर जोरात आपटला. “पहाटं त्याला भाकरी टाकाय जाती ना मी, तर त्यो माज्याकडं न्हाई बघत. माज्या मागं बघतो. वाटंकडं.” एवढं बोलून ती धुण्याला लागली. मीही लागले.

सोमवारी ऊन चढायच्या आत वीस-बावीस माणसं जमली. इर्जिक म्हणजे आज सगळ्यांनी आमचं भात झोडायचं, उद्या आम्ही त्यांचं. बायका एका बाजूला डोक्यावर फडकी बांधून उभ्या, पुरुष दुसऱ्या बाजूला. आभाळ भरून आलं होतं, आणि तात्या सारखे वर बघत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. भिजलं असतं तर वर्षाचं भात काळं पडलं असतं.

बंदूकवाला बांधावर उकिडवा बसून ठासणीच्या बंदुकीत दारू भरत होता. कुत्रं उडवीपुढं बसलं होतं. एवढी माणसं बघून उठलं नाही, भुंकलंही नाही. बसूनच सगळ्यांना मोजत होतं.

“एकवार बघतो,” तात्या म्हणाले. पुढं झाले आणि शिवी हासडली, शब्द न् शब्द बरोबर. कुत्र्यानं दात दाखवले. तात्यांनी खाली वाकून ढेकूळ उचललं.

“तात्या, तुमी त्याला शिवी देताय का त्यो तुमाला?” पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. तात्यांचे कान लाल झाले. “उडव रं,” ते बंदूकवाल्याला म्हणाले.

माझ्या शेजारी गडी उभा होता. तीच फाटकी घोंगडी खांद्यावर होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आईनंही पाहिलं नाही, ती खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला कुणी ढकलत नव्हतं. मी नाही गेले तर कुणी काही म्हणणारही नव्हतं, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं, मागच्या रांगेत.

मी बायकांतून निघाले. बांधावर चढले. आबा उभे राहायचे तिथं, ऐनाच्या बुंध्याला लागून, जागा पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झाली होती. तिथं उभी राहिले.

“आगं ए, मागं हो. छर्रा लागंल,” बंदूकवाला म्हणाला.

“घरी जा तू,” तात्या म्हणाले. “पोरीच्या जातीचं काम हाय व्हय हे?”

वीस-बावीस तोंडं माझ्याकडे वळली. रिबीन नीट करावीशी वाटली. हात मी तसेच खाली ठेवले.

मग मी घसा खाकरला. ठरवून नाही, कोरडा पडला होता म्हणून. पण तो आवाज माझ्या कानाला ओळखीचा वाटला, आणि तिकडे उडवीपाशी कुत्र्याचे दोन्ही कान उभे राहिले. त्यानं वाटेकडे पाहिलं, मग बांधाकडे. शेपटीचं पांढरं टोक पेंढ्यावर एकदा आपटलं.

मी छातीभर श्वास घेतला, आणि डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“उट रं रांडंच्या! आपलीच मानसं हायेत!”