सहावं पान

आमच्या गावच्या वेशीत एक काळा दगड उभा आहे. मंद्रूपच्या बाजाराला निघालेली माणसं त्याला टेकून जीपची वाट बघतात. त्यावर पाच नावं कोरली आहेत. महायुद्धात समुद्राकाठच्या एका बंदराला वेढा पडला होता, आत माणसं अन्नावाचून मरत होती. तो वेढा फोडताना हे पाचजण गेले. त्यातले एक माझ्या सासऱ्यांचे चुलते.

उपाशांना सोडवायला गेले आणि स्वतः उपाशीपोटी गेले, असं गाव म्हणतं. म्हणून दर सर्वपित्रीला आमच्या घरातून दगडापुढे पाच पानं वाढतात. कावळा शिवल्याशिवाय पान उचलायचं नाही, एवढाच नियम.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शकुन-अपशकुनाची पोरांपुढे यथेच्छ टिंगल करते. माझा एकुलता एक मुलगा सीमेवर आहे आणि यंदा चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. डोंगरात रेंज नसते, असं मी ज्याला त्याला सांगत होते. सांगून सांगून माझाच विश्वास उडाला होता.

ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनी यंदा हट्टानं स्वतःच्या हातानं वाढलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तर दगडापुढे सहा पानं.

"आत्या, पाच हवीत ना?"

"सहाच हायेत की गं," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी दगडावर बोट फिरवून नावं मोजली. पाच. खाली एका नावापुरती जागा कोरी होती. इतक्या वर्षांत ती माझ्या नजरेला पडली नव्हती. मी बोट झटकन मागे घेतलं.

एरवी कावळा तासभर ताटकळत ठेवतो, हात जोडून विनवण्या कराव्या लागतात. त्या दिवशी लिंबावरून उतरला आणि ओळीनं पाचही पानांना चोच लावली. मग सहाव्याकडे उड्या मारत निघाला. मी हातातला तांब्या त्याच्यावर भिरकावला.

"अगं बाई, कावळ्याला हाकलतीस व्हय?" शेजारीण ओरडली.

तो लिंबावर जाऊन बसला. हलेना. मी पुन्हा फोन लावला, बंदच. पान उचलता येईना आणि त्याला शिवू द्यायची माझी छाती होईना. मला भीती वाटत होती, लई भीती. विज्ञानाचा एक शब्द आठवला नाही.

मग मी पदर खोचला, त्या पानापुढे मांडी घातली आणि भात कालवला.

"ऊठ, ते मेलेल्याचं पान हाय!" सासूबाई ओरडल्या.

"मग ते माझं म्हणा," मी म्हणाले.

भात गार झाला होता. फोन मांडीवर ठेवून मी सगळं पान संपवलं. कावळा बघत होता.